बांधावरची छत्री

डोक्यावर ऊन तापलेले आणि मांडीवर मिटलेली छत्री, अशा अवस्थेत बांधावर बसलेला म्हातारा पाहिला तर तुम्ही काय समजाल? मी तरी वेडाच समजले. वालावलच्या खाली, नदीची खाडी व्हायला लागते तिथल्या एका वाडीत मी त्या दिवशी पहिल्यांदाच गेले होते. जरा अंतरावर उभी राहून बघत होते. दहा-बारा मिनिटे गेली आणि आभाळात ढगाचा ठिपका नसताना त्यांनी छत्री उघडून डोक्यावर धरली. त्याबरोबर काठावर गप्पा मारत बसलेल्या पाच-सहा बायका उठल्या, साड्या आणि गाऊन खोचले आणि टोपल्या घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरल्या.

"बाब, ऊन आता लागाक लागला काय?" मी जवळ जाऊन विचारले. मी कुडाळची, त्यामुळे मालवणीतच विचारले. त्यांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहिली, ओळखपत्र पाहिले आणि सरकारी माणसाशी बोलावे तसे शुद्ध मराठीत उत्तर दिले.

"मॅडम, ही छत्री उन्हाची नाही. बायकांची आहे."

आणि हनुवटीने समोर दाखवले. खाडीच्या मधोमध ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर चांगली दहा-अकरा फुटांची मगर जबडा उघडून पडली होती. बायकांच्या नि तिच्यात फार तर शंभर पावलांचे अंतर असेल. मी नोकरीच मगरी बघायची करत होते, तरी दोन पावले मागे सरले.

"जवसर तो दिसता, तवसर भियाचा नाय," ते म्हणाले. शुद्ध मराठी तेवढ्यातच संपली होती. "दिसणा नाय, तेवा भियाचा."

पुढच्या काही महिन्यांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की मला त्याचा कंटाळा आला. आता कोणी म्हणून दाखवले तर बरे वाटेल.

नियम साधा होता. मगर वाळूवर दिसतेय तोवर छत्री उघडी, आणि बायका पाण्यात. मगर पाण्यात उतरली की छत्री मिटायची, आणि बायकांनी चिखलात पायाने चाचपून काढलेले शिंपले, म्हणजे तिसऱ्या, जागच्या जागी सोडून आधी काठ गाठायचा. या तिसऱ्यांवर त्या वाडीतल्या निम्म्या चुली पेटत. आंब्या-काजूचा हंगाम दोन महिन्यांचा, खाडी मात्र बाराही महिने दारात. आवाज द्यायची सोय नव्हती, कारण वाऱ्यात तो पलीकडेच जायचा. शिवाय पाण्यात असताना तिचे नाव काढायचे नाही असा बायकांचा रिवाज. गावात मगरीला सुसर म्हणतात, पाण्यात नुसते 'तो'. एकदा अवकाळी पावसाची सर आली तेव्हा मी बाबांना मिटलेली छत्री हातात घट्ट धरून ओलेचिंब बसलेले पाहिले आहे. 'तो' पाण्यात होता.

सगळा गाव त्यांना बाब म्हणे. तरुणपणी गोव्यातून बोटीवर गेले आणि तीस वर्षे तिथे स्वयंपाकी होते. बोटीच्याच जिन्यात गुडघा मोडला तो पुन्हा सरळ झाला नाही. घरी आले तेव्हा बोटीवरून सोबत फक्त वॉच आणली. वॉच म्हणजे पहारा. "एक निजता, एक जागता. तेवा बोट चलता." मगरीला ते क्याप्टन म्हणत. "क्याप्टन खंय आसा ता कुकाक म्हायत होया," असे मला सांगत, "नायतर च्या कोणाक देतलो?"

त्यांच्या बायकोला, रोझीमावशीला, या वॉचचे काडीचे कौतुक नव्हते. ती स्वतः त्या पाण्यात उतरणाऱ्यांतली सगळ्यात थोरली. "बोटीर सायबांक तीस वर्सां जेवाण करून घातल्यान," ती कमरेइतक्या पाण्यातून ओरडे, "घरात कधी चुलीकडे गेलो नाय." बाब छत्री जरा कलती करून तोंड झाकून घेत. बायका हसत. मी एकदा बघितले, छत्रीखाली तेही हसत होते.

माझे काम सांगायचे राहिले. मगर ही आता धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तिला राहायला, अंडी घालायला कुठल्या नदीत किती जागा उरली आहे, हे पाहणीत लिहायचे होते. मी एका संस्थेत कंत्राटावर होते. हिवाळ्यात मगरी ऊन खायला वर येतात, तेव्हा ओहोटी बघून खाडी फिरायची, वाळूवरचे पोटाचे घसरे नि पंजे मोजायचे, फॉर्म भरायचा, नकाशावर ठिपके द्यायचे. आठ दिवस होडीतून फिरून मला जे कळले नाही ते मला बाबांनी बांधावर बसून एका सकाळी सांगितले. मग मी होडी सोडली आणि बांधावर बसायला लागले. त्यांनीही 'मॅडम' सोडले. "इलंस गो चेडवा? बस. क्याप्टन अजून उठाक नाय."

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: माणूस आणि मगर यांच्यात संघर्ष आहे काय?

"संघर्ष म्हणजे?" बाबांनी विचारले.

"म्हणजे तुमचा नि तेचा भांडाण होता काय."

"भांडाण माझा बायलेबरोबर होता. तेच्याबरोबर नाय." थोडा विचार करून म्हणाले, "बायल दिसता तेवा जास्त होता."

मी 'नाही' असे लिहिले.

भरतीच्या वेळी बाब मोकळे. तेव्हा घरी जायचे, पेज जेवायची, दाढी करायची. पण ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते आणि चर्चमधली रविवारची मीस, म्हणजे मोठी प्रार्थना, मात्र आठाला म्हणजे आठाला. दोन्ही एकाच वेळी आल्या की बाबांची पंचाईत. त्यांनी फादरना जाऊन सांगितले, मीस जरा मागेपुढे करा. फादर म्हणाले, ते जमणार नाही. "मगे चंद्राक तरी सांगा," बाब म्हणाले. फादर हे मला स्वतःच हसत हसत सांगत होते, आणि शेवटी म्हणाले, "या माणसाला आम्ही माफ केलेले आहे."

पण ते हसण्यावारी नेण्याइतके सोपे नव्हते हे मला हळूहळू दिसायला लागले. बाब त्या बांधाला बांधलेले होते. मुलगा मडगावला शाळेत मास्तर, तो दर नाताळला न्यायला यायचा. नातीचा पहिला कुमगार, म्हणजे चर्चमधला पहिला प्रसाद, झाला तेव्हाही बाब गेले नाहीत, त्या दिवशीही छत्री धरून बसले होते. "रिलीफ नाय गो," मला म्हणाले. "बोटीर वॉच सोपली की दुसरो येता, खांद्यार हात ठेवता, मगे पयलो जाता. हयसर कोण येतलो?" बायका सगळ्या पाण्यात, पुरुष ट्रॉलरवर नाहीतर मुंबईत, आणि पोरांच्या हातात छत्री दिली तर ती पाचव्या मिनिटाला मोबाईल बघतात. मी 'खरे आहे' म्हणाले. याहून जास्त काही केले नाही.

आता जे सांगायचे आहे ते मला सांगावेसे वाटत नाही.

पाहणीच्या शेवटी मी नकाशा पसरून बसले होते. बाबांनी चष्मा लावला. बोटीवर नकाशा वाचणाऱ्यांकडे त्यांनी तीस वर्षे लांबून बघितले होते, आणि आज कोणीतरी त्यांनाच नकाशा दाखवत होते. क्याप्टनच्या जागेवर मी ठिपका दिला तर त्यांनी माझे बोट धरून सरकवले. "हयसर नाय. खुरसाच्या सरळीत, दोन वाव वर." खुरीस म्हणजे काठावरचा चुन्याचा क्रूस, आणि वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर. मग म्हणाले, वेळही लिही. "सुकतीच्या दुसऱ्या तासाक वर येता. भरती पायाक लागली की उतारता. बरोबर लिव. चुकीचा लिवशीत तर बोट फुटतली." मी वेळही लिहिली, ओहोटीचा दुसरा तास. असा नेमका ठिपका अख्ख्या नकाशात दुसरा नव्हता, आणि आम्हा दोघांना त्याचा अभिमान वाटला.

"ह्यो कागद खंय जातलो?"

"वर," मी म्हणाले.

"वर म्हणजे देवाकडे?"

"तेच्या जरा खाली."

शिमग्यानंतर वरच्या अंगाला कोणाचेसे वासरू मगरीने ओढले. आमच्या वाडीपासून ती जागा बरीच लांब. मोबाईलवर चित्रे फिरली, लोक जमले, वनखात्याच्या साहेबांना काहीतरी करून दाखवणे भाग होते. कुठली मगर, कुठे धरायची? त्यांच्या टेबलावर माझा नकाशा होता. त्यावर एकाच मगरीचा पत्ता घरनंबरासकट लिहिलेला होता. पिंजरा वाळूच्या पट्ट्यावर आला, खुरसाच्या सरळीत, आणि आत बकऱ्याचे आतडे टांगले. दुसऱ्याच दिवशी, ओहोटीच्या दुसऱ्या तासाला, क्याप्टन आत गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी पोचले तेव्हा त्याच्या तोंडाला दोरी आवळलेली होती आणि डोळ्यांवर ओले गोणपाट. आठ माणसे त्याला टेम्पोत चढवत होती. एवढा मोठा प्राणी, पण अंगात काहीच नसल्यासारखा पडला होता. गाव फोटो काढत होता. त्याला लांबच्या एका धरणात सोडणार असे कळले. बाब बांधावर जागच्या जागी बसलेले. छत्री मिटलेली.

मी शेजारी बसले.

"टायम बरोबर धरल्यानी," बाब म्हणाले. "मियाच सांगलंय मां."

"मी लिहिलंय, बाब."

"लिवतलो तो लिवतलो. सांगणाऱ्यान बघूक होया."

त्या संध्याकाळी मी साहेबांना फोन केला. काय काय बोलायचे ते पाठ करून ठेवले होते. साहेब म्हणाले, तुमच्या पाहणीचा फार उपयोग झाला, खाडी आता सुरक्षित आहे, पुढच्या हिवाळ्याचे काम तुम्हालाच देऊ. आणि मी 'थँक यू सर' म्हणाले. सुसरबाई तुझी पाठ मऊ म्हणायला सुसरच लागते असे नाही.

बायकांना मात्र पहिले काही दिवस सणाचे गेले. ऊठ नाही, बस नाही, संबंध ओहोटीभर पाण्यात. बाब बांधावर यायचेच. छत्री मिटलेलीच. रोझीमावशी चिडे. "आता कोणाक भियाचा? तेका न्हेल्यानी."

"एकाक न्हेल्यानी. जागो रवलो. असो जागो रिकामो रवणा नाय."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. चांगल्या उन्हाची वाळू, आसपास मासळी, अशी जागा थोरली मगर गेल्यावर दुसरी कोणी धरतेच. पण ती कोण, कधी उठणार, कुठून उतरणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि दिसत काहीच नव्हते. आधी क्याप्टन वाळूवर आला की बाब छत्री उघडून निवांत व्हायचे, एखादी बिडी ओढायचे. आता ओहोटी लागल्यापासून भरती येईपर्यंत नुसते पाण्याकडे बघणे. छत्री उघडावी तर खोटे, मिटून ठेवावी तर कोणी ऐकत नाही, उठून जावे तर पाय निघत नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये तो सरळ न होणारा गुडघा. मी त्यांना चहाचा थर्मास नेऊन दिला. तो तसाच भरलेला परत आला.

मे महिन्यात भर सकाळी नऊ वाजता नवीन मगरीने शेवंताची टाच धरली. शेवंता त्या बायकांतली सगळ्यात तरुण आणि अखंड बोलणारी. बाकीच्यांनी टोपल्यांनी पाणी बडवले म्हणून सुटली. टाके पडले, जखम भरली, आजही चालताना तो पाय मागे राहतो. बाबांना कोणी एका शब्दाने बोलले नाही. छत्री मिटलेली होती, ते सगळ्यांना माहीत होते.

"कोणी बोलणत नाय," मला ते म्हणाले. "पण रोज मिटलेली छत्री कोण बघता गो? कधीतरी उघडली तर मिटलेल्याक अर्थ."

शेवंताचे असे झाल्यावर बायकांनी पाणी सोडले, पुढे पाऊस लागला, तरी बाब बांधावर जात. एक दिवस घसरले आणि तो मोडका गुडघा पुन्हा मोडला. मुलगा आला आणि या वेळी त्याने विचारले नाही. दोघांना गाडीत घालून मडगावला नेले.

मी एकदा भेटायला गेले. तिसऱ्या मजल्यावरचे घर, पुढे छोटी गॅलरी, तिला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी. बाब जाळीआड खुर्चीत बसले होते. सून चांगली होती, मला म्हणाली, "आम्ही सगळे करतो, पण छत्री हातातली सोडत नाहीत. आणि दिवसातून चार वेळा विचारतात, सुकती किती वाजता." समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

"हयसरसून काय दिसणा नाय," बाब म्हणाले.

मग आवाज खाली आणून विचारले, "बायलां उतारतत?"

त्या दिवसांत पाण्यात कोणी उतरत नव्हते. बायका कामाला म्हणून दुसऱ्यांच्या परसात गवत काढत होत्या आणि चुली कशातरी चालवत होत्या. पण बाबांचे डोळे बघून मला ते सांगवेना.

"उतरतात," मी म्हणाले. "शेवंता बसते बांधावर."

त्यांनी मान हलवली. "ता बोलता खूप," ते म्हणाले. "पण दोळे बरे आसत." आणि छत्री शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. सून बघतच राहिली. मी तिथून निघाले ते रस्त्यावर येऊन रडले. खोटे बोलल्याचे वाईट वाटत नव्हते. ते इतक्या चटकन विश्वास ठेवून बसले, त्याचे वाटत होते.

नारळी पुनवेच्या आधी बाब गेले. रोझीमावशी महिनाभरात एकटी परत आली.

या हिवाळ्यात पाहणीला मीच होते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: या वेळच्या नकाशात ठिपके नाहीत. मी खाडीभर एक लांब पट्टी रंगवली आणि लिहिले, या सगळ्या पट्ट्यात मगर राहते. साहेब म्हणाले, नेमके ठिकाण द्या. मी म्हणाले, नेमके ठिकाण मिळाले नाही. पुढचे काम मला मिळणार नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मिळाले नाहीच.

पाहणीचा पहिला दिवस. ओहोटी लागून तासभर झाला होता. बांधावर, त्याच जागी, मिटलेली छत्री मांडीवर घेऊन रोझीमावशी बसली होती. काठावर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, शेवंता पाय लांब करून. कोणी बोलत नव्हते, शेवंतासुद्धा.

"मावशी, कधीपासून बसतंस?"

"आठ दीस झाले. ह्या रोज येऊन बसतत. माका काय दिसणा नाय गो, दोळ्यांत मोती पडलेलो. पण छत्री तेची. दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ कशी?" म्हणजे आठ दिवस छत्री मिटलेली, आणि आठ दिवस बायका काठावरून परत जात होत्या.

मी दुर्बीण लावली. पाणी उतरत होते, वाळूचा पट्टा हळूहळू वर येत होता. मग त्याच्या टोकाशी, खुरसाच्या सरळीत, आधी नाक, मग डोळे, मग अख्खी पाठ वर आली. क्याप्टनपेक्षा लहान, रंगाने उजळ. जरा पुढे सरकली, पोट वाळूवर टेकले आणि जबडा उघडून पडून राहिली. घड्याळ बघितले. ओहोटीचा दुसरा तास.

"मावशी, वर इलो."

"खरा?"

"माका दिसता."

तिने माझ्याकडे तोंड वळवले. त्या डोळ्यांनी मी कितपत दिसले असेन कोणास ठाऊक. छत्री उचलून माझ्या हातात दिली आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"मगे उघड," ती म्हणाली, आणि साडी खोचत खाली उतरली.

मी छत्री उघडली. एक काडी तुटलेली होती. बायका एकामागून एक पाण्यात गेल्या, रोझीमावशी सगळ्यात पुढे, शेवंता सगळ्यात मागे. थोड्या वेळाने शेवंताची बडबड ऐकू यायला लागली. त्या दिवशी मला अजून दोन वाड्या करायच्या होत्या, होडीवाला खाली थांबला होता, फोन दोनदा वाजला. मी वाळूवरून नजर काढली नाही. भरती पायाला लागेपर्यंत मला तिथून हलता आले नाही.